रेवस ते रेड्डी : सागरी महामार्ग, खाड्या आणि सडा

गडगा

कोकणात जायचं म्हटलं की सगळे मुंबई-गोवा महामार्गाबद्दलच बोलतात. मला त्याच्या पश्चिमेच्या रस्त्याबद्दल लिहायचं आहे. अलिबाग तालुक्यातल्या रेवसपासून वेंगुर्ले तालुक्यातल्या रेड्डीपर्यंत समुद्र धरून सुमारे पाचशे किलोमीटर जाणारा प्रमुख राज्य महामार्ग ४. सरकारी कागदावर तो सलग आहे, जमिनीवर नाही. आगरदांड्याला राजपुरीची खाडी आडवी येते, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. या चार ठिकाणी वर्षानुवर्षं गाडी फेरीबोटीत चढवूनच पलीकडे जावं लागलं आहे. रेवदंडा, पूर्णगड, जैतापूर इथे पूल झाले, तसा रस्ता तुकड्यातुकड्यांनी जोडला गेला. किनाऱ्यावरचे जुने लोक सागरी महामार्गाचं नाव निघालं की बॅरिस्टर अंतुल्यांचं नाव घेतात. ते १९८० ते १९८२ मुख्यमंत्री होते, आणि त्यांचं आंबेत गाव सावित्रीच्याच काठावर. खाडी आडवी असली की काय होतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आता रुंदीकरणाचं आणि मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. म्हणून हा धागा. रस्ता रुंद होण्याआधी तो कशातून जातो ते एकदा नीट मांडलं जावं असं मला मनापासून वाटतं.

या रस्त्याची एक चाल आहे. खाडीच्या काठावरून तो चढायला लागतो, आंबा-काजूची कलमं मागे पडतात आणि एकदम माथ्यावर येतो. वर जांभ्याचा सपाट सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, झाड जवळपास नाही, वारा मात्र भरपूर. काही किलोमीटर असा गेला की पुन्हा उतार, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), मग कौलारू घरं, माड-पोफळीच्या वाड्या, देऊळ, आणि शेवटी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. पुन्हा खाडी, पुन्हा चढ. दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर, देवगड, सगळीकडे हेच चालतं, फक्त तपशील बदलतात.

तपशील मात्र फार मोलाचे आहेत. हर्णैला समोर सुवर्णदुर्ग आणि किनाऱ्यावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव. होड्यांतली मासळी पुळणीवर आणायला तिथे बैलगाड्या पाण्यात घालतात. केळशीला भारजा नदीच्या मुखाशी वाळूची उंच टेकडी आहे, तिच्या थरांत खापरं आणि जुनी नाणी सापडली. वेळासला कासवांची घरटी. दाभोळला सतराव्या शतकातली दगडी मशीद, बहामनी काळात हे केवढं बंदर होतं त्याची आठवण देणारी. मालगुंडला केशवसुतांचं घर. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा. तो १९१६ मध्ये याच गावात वारला. शिरोड्याला मिठागरं, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. आणि रेड्डीला लोहखनिजाच्या खाणी, यशवंतगड आणि खाणीच्या कामात सापडलेला गणपती.

माझं म्हणणं एवढंच आहे. रस्ता रुंद करायचा म्हणजे जागा लागणार. खालून नेला तर घरं, वाड्या आणि विहिरी जातात. म्हणून सगळे म्हणतात, वरून न्या, सडा रिकामाच आहे. सडा रिकामा नाही. पावसाळ्यात तिथे जे पाणी मुरतं तेच जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडून उताराला झऱ्यांतून बाहेर येतं, आणि खालच्या वाडीतली विहीर त्यावर चालते. वर रस्त्याचं खोल कटिंग केलं की झरा फुटून गटारात जातो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात एप्रिलमध्ये टँकर येतो, त्याचं कारण शोधताना नजर सड्याकडे गेली पाहिजे.

या पट्ट्यात राहणाऱ्यांनी, वाढलेल्यांनी, काम केलेल्यांनी लिहावं. पूल हवेत की नकोत यापेक्षा रस्ता कुठून आणि कसा जावा यावर बोलू.

भाटी

गडगा, उत्तम विषय. तुम्ही रेवसचं नाव घेऊन पुढे गेलात, मी तिथेच थांबतो.

आमच्या अलिबाग-रेवस भागात रस्ता ही नंतरची गोष्ट. आधी बोट. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच येते तीच आमची मुंबईची वाट. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट मुंबईहून रेवसला येताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. या पट्ट्यातल्या गावांत आजही ज्यांच्या घरातलं कुणी त्या बोटीत होतं अशी माणसं भेटतात. आमच्या आजीने त्यानंतर पावसाळ्यात कधी कुणाला लाँचने जाऊ दिलं नाही.

खाली दक्षिणेलाही तसंच होतं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, या बंदरांना आगबोट लागायची. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या तिच्यापर्यंत न्यायच्या. गावांची तोंडं समुद्राकडे होती. आगबोट गेली, रेल्वे १९९८ मध्ये पुरी झाली पण ती आतून गेली, महामार्गही आतून. किनाऱ्यावरची ही गावं मधल्या काळात दोन्हीकडून बाजूला पडली. त्यामुळे या रस्त्याकडे लोक आशेने बघतात ते समजून घ्यायला हवं.

तरीवरचा

पूल हवेत. हे आधी लिहितो, कारण असे धागे शेवटी खाडीच्या सौंदर्यावर जातात.

आमचं घर एका खाडीच्या अलीकडे आणि सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय पलीकडच्या बाजूने सोयीचं. दिवसा फेरीबोट आहे, चांगली आहे. रात्री शेवटची फेरी गेली की तालुका पालथा घालून वळसा. वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही धक्क्यावर जाऊन उभे राहिलो होतो, समोर पलीकडचे दिवे दिसत होते. शेवटी वळशाने गेलो. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण घाटातल्या त्या वळणांवर गाडीत काय चाललं होतं ते मला कुणापुढे बोलता येत नाही.

दाभोळ-धोपावे फेरी २००३ मध्ये सुरू झाली तेव्हा दापोली आणि गुहागर हे शेजारी तालुके आहेत हे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जाणवलं. त्याआधी गाडीने चिपळूणला जाऊन यावं लागायचं. फेरीने सोयरिकी वाढल्या, मासळीचे टेम्पो वाढले, पोरं पलीकडच्या कॉलेजात जाऊ लागली. पुलाने याच्या कितीतरी पुढे जाता येईल. बाणकोटच्या खाडीत पुलाचे अर्धवट खांब वर्षानुवर्षं उभे राहिलेले आम्ही पाहिलेत. कृपा करून पुलांच्या कामात आणखी अडथळे नकोत.

गडगा

तरीवरचा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पुलाला माझा विरोध नाही, एकाही खाडीवरच्या नाही. रुग्णवाहिकेला रात्री रस्ता मिळाला पाहिजे यावर चर्चासुद्धा नको.

मला काळजी आहे ती दोन पुलांच्या मधल्या चाळीस-पन्नास किलोमीटरची. पूल झाला की वाहनं वाढणार, वाहनं वाढली की मधल्या गावातला रस्ता अपुरा पडणार, आणि मग घाईघाईत रेघ मारली जाणार. ती रेघ आताच नीट मारून घेऊ, एवढंच.

पोफळीची बाग

आम्ही श्रीवर्धनकडचे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, पलीकडे केळशी, आंजर्ले, हर्णै... वाडीत शिरायला वाट नव्हती, एकावर एक पडलेली झाडं. श्रीवर्धनी रोठा सुपारीला नाव आहे, पण पोफळ लावल्यावर हाताशी पीक यायला सहा-सात वर्षं जातात. माड त्याहून जास्त. वडिलांनी पुन्हा लावणी केली. आता कुठे झाडं डोक्याच्या वर गेली आहेत.

म्हणून वाडीतून रस्ता म्हटलं की पोटात गोळा येतो. बाहेरच्याला वाटतं झाडांचे पैसे मिळतील. पण वाडी म्हणजे सुटी झाडं नव्हेत. माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली जायफळ, केळ, आणि सगळ्यांना एकाच विहिरीवरून पाटाने पाणी. समुद्राच्या बाजूची सुरूची रांग किंवा माडांची ओळ तोडली की वारा थेट आत येतो आणि मागची रांग पडते. वीस फुटांची पट्टी गेली तर नुकसान वीस फुटांचं होत नाही.

गडगाजींनी विहिरीचं लिहिलं ते आमच्याकडे शंभर टक्के खरं आहे. डोंगराकडून येणारं पाणी कमी झालं की समुद्राकडचं खारं पाणी विहिरीत सरकतं. मचूळ पाण्यावर पोफळ जगत नाही.

कातळसडा

सड्याबद्दल लिहायलाच हवं म्हणून लॉगिन केलं.

पूर्णगडाकडून गावखडी, कशेळी, आडिवरे असं दक्षिणेला जाताना रस्ता ज्या कातळावरून जातो त्याच कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे. सुमारे १८ मीटर लांब. आणि त्या हत्तीच्या आकारात मासे, पक्षी, प्राणी अशी कितीतरी चित्रं भरलेली आहेत. कुणी, नेमकं कधी कोरलं याचा अभ्यास अजून चालू आहे. हजारो वर्षं जुनी असावीत असं अभ्यासक मानतात. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसायमळ गोव्यातलं.

ही नऊ यादीत आहेत म्हणून माहीत आहेत. पण गावोगावच्या सड्यांवर आणखी किती आहेत ते गुराख्यांना विचारा. कातळशिल्प जमिनीच्या पातळीत असतं. उभं राहून पाहिलं तर चार रेघा दिसतात, पावसाळ्यानंतर शेवाळ आणि गवत असलं तर त्याही दिसत नाहीत. दगड अंथरून रोलर फिरवला की काय गेलं ते कळणारही नाही. ज्यांना सडा रिकामा वाटतो त्यांनी मार्चमध्ये पाहिलेला असतो.

जूनच्या पहिल्या सरींनी दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही वनस्पती कोकणच्या सड्यांबाहेर मिळायची नाही. मग ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं निळी-जांभळी पसरतात, मुळांजवळच्या पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडणारी. गेंद, कवला, दवबिंदू. बोटभर मातीवर आणि साचलेल्या पाण्यावर हे सगळं उभं असतं. सड्यावरची डबकी बुजवली, पाण्याचा उतार बदलला की रस्त्यापासून दूरसुद्धा ते संपतं. कासच्या पठाराला तिकीट काढून जाणाऱ्या आपल्या माणसांना हे घरामागे आहे याची कल्पना नसावी याचं मला फार वाईट वाटतं.

दर्यावर्दी

मालवणीतच लिवतंय, समजान घेवा.

आमचो गाव आचऱ्याच्या जवळ. आमच्या हंय अजून रापण चलता. होडी दर्यात जावन जाळा सोडीत येता आणि मगे दोनय बाजूंनी दोरी ओढूक पन्नासेक माणसा लागतत. जो दोरीक हात लावता तेका वाटो मिळता, तो गरीब असो नायतर म्हातारो. रापणीक मोकळी पुळण होयी. जाळा सुकवूक, बांगडे वाळत घालूक, होडी वर ओढूक पुळणच होयी. रस्तो पुळणीच्या कडेन हाडलो आणि थंय गाडये लागाक लागले, टपरे इले, तर आमी होडी खंय ओढतलंव? जून-जुलय बंदीच्या दिवसांत सगळे होडये वर येतत तेवा तर पाय ठेवूक जागा नसता.

बंदराक जोडणारो रस्तो होयो. बर्फ येवक होयो, मासळी जावक होयी. पण तो उभो, दर्याक येणारो. आडवो नको.

सुरू_बन

दर्यावर्दी, "उभो होयो, आडवो नको" हे नकाशावर मोठ्या अक्षरात लिहून लावावं असं आहे. मुख्य रस्ता आत आणि प्रत्येक गावाला, बंदराला एक चांगला फाटा. मला तरी हेच पटतं.

एक भर. ऑलिव्ह रिडले कासवांचं संवर्धन वेळासला २००२ पासून सुरू झालं आणि पुढे आंजर्ले, गुहागर अशा बऱ्याच किनाऱ्यांवर गेलं. पिल्लं रात्री-पहाटे अंड्यातून निघाली की उजेडाच्या दिशेने जातात, एरवी तो उजेड समुद्राचा असतो. किनाऱ्यालगत रस्त्याचे पांढरे झगझगीत दिवे आले तर ती उलटी चालू लागतात. दिवे नकोत असं म्हणत नाही, पण ते खाली तोंड केलेले, आडोशाचे, पिवळसर असावेत ही मागणी आत्ताच करता येते. खांब उभे राहिल्यावर कुणी बदलत नाही.

मोरी

माझी नोकरी रस्त्यांच्याच कामात गेली, या भागातही काही वर्षं होतो. कामाच्या बाजूने लिहितो.

पहिलं म्हणजे पुलापेक्षा पुलाचे पोच-रस्ते जास्त नुकसान करतात. खाडीच्या दोन्ही काठांना खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन असते, कांदळवन असतं. पुलाची लांबी वाचवायची म्हणून खाजणात मातीचा भराव टाकत पुढे येतात आणि मधल्या तेवढ्या भागावर पूल. भरावाच्या एका बाजूला भरतीचं पाणी येत नाही, कांदळ सुकतात. दुसऱ्या बाजूला पाणी तुंबून शेतात शिरतं. खारबंध (खारं पाणी अडवणारे बांध) आणि उघाड्या (त्यातली पाणी सोडायची दारं) सांभाळून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खारजमिनीत भात पिकवलं त्यांचं शेत एका उधाणात खारं होतं. उपाय ठाऊक आहे: पूल लांब करा, खांबांवरून न्या, नाहीतर निदान भरावात भरपूर मोऱ्या ठेवा, त्याही भरती-ओहोटीची पातळी मोजून. खर्च वाढतो हे खरं. पण तो एकदाच होतो.

कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं कांदळवन असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायचा असतो. सार्वजनिक कामासाठी तोड करायची तरी मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते, २०१८ च्या निकालापासून. गावाने हे माहीत करून घेतलं तर सुरुवातीलाच मार्ग बदलून मिळू शकतो, नंतर कोर्टात वर्षं जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

दुसरं सड्याचं. गडगा म्हणतात तसं खोल कटिंग टाळता येतं. सडा मुळात सपाट आहे, तिथे रस्ता पृष्ठभागावरूनच न्यायचा, पाण्याचे उतार आधी पावसाळ्यात पाहून मोऱ्या द्यायच्या. गडबड होते ती सडा संपून उतार लागतो तिथे. जांभ्याखालची चिकणमाती उघडी पडली की पावसात ती सुटते आणि वरचा चिरा-कातळ घसरतो. त्या वळणांत चढ कमी करण्याच्या हट्टापायी डोंगर कापण्यापेक्षा वेग कमी ठेवलेला परवडतो. तासाला साठ किलोमीटरचा रस्ता या प्रदेशाला पुरेसा आहे. ज्याला घाईने गोव्याला जायचं आहे त्याच्यासाठी मुंबई-गोवा महामार्ग ६६ आहेच.

सर्वेक्षण उन्हाळ्यात होतं हे यातलं सगळ्यात मोठं दुखणं. झरे, पऱ्ये (पावसाळी ओहोळ), डबकी, कातळशिल्पं, काहीच त्या नकाशात येत नाही.

पोफळीची बाग

मोरीकाका, फार उपयोगी लिहिलंत. साठचा मुद्दा कुणी उघड बोलत नाही. एक विचारते, गावाने स्वतः विहिरी आणि झऱ्यांची नोंद करून दिली तर ती धरतात का?

मोरी

ताई, गावगप्पांसारखी सांगितली तर नाही धरत. गट नंबर, विहिरीची खोली, मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली पाण्याची पातळी, झऱ्याची जागा, फोटो, आणि वर ग्रामसभेचा ठराव, असं लेखी दिलं आणि पोच घेतली तर ते फाइलला लागतं. फाइलला लागलेली गोष्ट पुढच्या अधिकाऱ्याला बाजूला सारता येत नाही. भूजल खात्याच्या निरीक्षण विहिरी असतात, जवळच्या विहिरीच्या नोंदी मागून जोडा.

कोंडवाडी

नाटे-जैतापूर भागातला आहे. इथे सगळ्यांनी सड्याबद्दल लिहिलंय, त्यात एक गोष्ट राहिली: सातबारा.

आमच्या सड्याची नोंद बहुतेक ठिकाणी पोटखराबा. म्हणजे सरकारदरबारी लागवडीला निरुपयोगी. माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल, वरीलवाडा या गावांची ९३८ हेक्टर जमीन अणुऊर्जा प्रकल्पासाठी घेतली गेली तेव्हा पडीक जमीन हा शब्द आम्ही किती वेळा ऐकला. त्या जमिनीवर गुरं चरायची, गवत कापून विकलं जायचं, कातळ फोडून खड्ड्यात माती भरून लावलेली कलमं होती. आपल्याकडे हापूसचं कलम असंच लागतं, सुरुंग लावून. ते कलम दिसतं तेवढंच सातबाऱ्यावर येतं, गवत येत नाही. मोबदला ठरतो तो नोंदीवर.

शिवाय सामाईक खाती. एका गटात चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली, वारस नोंद झालेली नाही. भूसंपादनाची नोटीस येते तेव्हा हरकतीची मुदत धावपळीतच संपते. त्यामुळे जे मुंबईत राहून हा धागा वाचतायत त्यांना हात जोडून सांगतो, गणपतीला याल तेव्हा वारस नोंदी पूर्ण करा, आणि पीकपाहणीत कलमं, काजू, गवत, विहीर जे असेल ते लावून घ्या. रस्ता आला किंवा न आला तरी हे करायचंच काम आहे.

आमच्या गावात पुढच्या ग्रामसभेत मार्गरेषेचा गटवार नकाशा मागायचा ठराव ठेवतोय. मोरीकाकांनी सांगितलेल्या विहिरींच्या नोंदींचा तक्ता कुणी साधा बनवून इथे टाकाल का? आमच्याकडे बारावीची मुलं आहेत, सुट्टीत वाडीवाडीत जाऊन भरतील. कातळसडा, तुम्ही आमच्याकडे आलात तर चार-पाच गुराख्यांना बोलावून ठेवतो, ते सड्यावरच्या रेघा दाखवतील.

कातळसडा

येतो. पाऊस थांबून गवत वाळलं की, दिवाळीनंतर. येताना मोजपट्टी आणि जागेच्या नोंदी घ्यायचं साधन आणतो; प्रत्येक चित्राचा गट नंबर तिथेच लिहून काढू म्हणजे ठरावाला जोडता येईल.

मोरी

तक्ता रविवारपर्यंत टाकतो. झरे आणि पऱ्ये यांचे रकाने वेगळे ठेवतोय, आणि पाणी कोणत्या महिन्यात आटतं तो एक.